बटणांचा दगड

"यांना नेमकं झालंय तरी काय?" काचेवर बोट टेकवत सबनीस वहिनींनी विचारलं. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले सगळे कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, कालपासून मिटून बसले होते.

मी पाणी तपासलं. क्षार ठीक, तापमान ठीक. तेवढ्यात वहिनींना खोकल्याची उबळ आली. आतल्या खोलीतही कुणीतरी सारखं खोकत होतं.

"हे रात्रीपासून तापाने फणफणलेत. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. माझ्याही तोंडात सकाळपासून नाणं धरल्यासारखी चव येतेय."

माझी नजर टाकीच्या कोपऱ्यात गेली. गेल्या महिन्यात तिथे मीच एक दगड बसवला होता, तपकिरी बटणांसारख्या कोरलनी भरलेला. आता ती जागा रिकामी होती.

"वहिनी, इथला दगड कुठे गेला?"

"अहो, ती बटणं बाकीच्यांना जगू देईनात. काल सुरीने खरवडली, मग दगड पातेल्यात उकळला. तरी मुळं चिकटून राहिलीच. म्हणून आज कुकर लावलाय. चांगल्या पाच शिट्ट्या काढते."

त्या बटणांत विष असतं आणि उकळलं की ते वाफेबरोबर छातीत उतरतं, हे दगड विकताना मी सांगितलंच नव्हतं.

"आधी बाहेर पडा!" मी ओरडलो. "साहेबांना हाक मारा!"

स्वयंपाकघरात शिट्टी झाली, लांबलचक. ती विरली तेव्हा कळलं, आतल्या खोलीतला खोकला थांबला होता.