फाटकी अक्षरं

"अजून फाटतायत," तपासनीस बाई म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून जेवायला निघून गेल्या.

कुठे फाटतायत, कोणत्या आकारात, काही नाही. ती तशीच उभी राहिली, एक हात कमरेवर, एक पोटावर. पोटातल्याने लाथ मारली. त्यालाही राग आला असावा.

कंपनी रुग्णांच्या उशाशी ठेवायची यंत्रं बनवत असे. त्यांच्या पडद्यावर बटणं, आलेख, अक्षरं रेखाटणारं सॉफ्टवेअर, म्हणजे टूलकिट, विकतचं नव्हतं, कंपनीचं घरचंच होतं. त्यातली अक्षरं तिच्या वाट्याला आली होती. आणि बाईंनी होकार दिल्याशिवाय कंपनीतून टाचणीही बाहेर पडत नसे. पाठीमागे सगळे त्यांना चाळणी म्हणत.

सुरुवातीला चाळणीचं खरं होतं. अक्षरांच्या आडव्या रेघा दोन पिक्सेलच्या मधोमध पडत, त्यामुळे एका काळ्या रेघेच्या जागी दोन राखाडी उमटत. तिने त्या जागेवर आणल्या. मग मोठी अक्षरं धुरकट निघाली. साठवलेली लहान अक्षरंच ताणून वापरली जात होती. तेही निस्तरलं. काळ्यावरची पांढरी अक्षरं फुगत होती, त्यांचीही सूज उतरवली.

त्यानंतर मात्र बाई नुसतीच खुसपटं काढू लागल्या. एकदा म्हणाल्या, तीनचा आकडा रुसल्यासारखा दिसतो. एकदा म्हणाल्या, खिडकीतून ऊन आलं की बघू. ऊन आलं, तर म्हणाल्या, फारच आलं.

आणि वर विचारायचं, "तुझी सुट्टी एक तारखेपासूनच ना?"

हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. नवऱ्याचं काम सुटलं होतं, घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. काम अर्धवट टाकून बाळंतपणाला गेलेल्या बाईची खुर्ची कोण राखून ठेवतं? अक्षरं पास करूनच जायचं, म्हणजे ताठ मानेनं परत येता येईल. नवरा म्हणाला, जरा गोड बोलून बघ त्यांच्याशी. ती म्हणाली, बघितलं, साखर संपली.

त्या दिवशी तिने यंत्र टेबलावर मांडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून पडदा दाखवला. भिंग दिलं, अंधार करून दिला, लांबून बघायला लावलं. एकालाही खोट सापडेना. मग ते यंत्र उचलून तिने बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"बोट ठेवून दाखवा, कुठे फाटतंय."

बाईंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बस आधी. पाय बघ किती सुजलेत."

"पाय माझे आहेत. अक्षरांचं बोला."

"ती तू सुट्टीवरून आल्यावर बघू."

"मीच नकोय ना तुम्हाला इथे? मग सरळ सांगा की. असं रोज थोडं थोडं कशाला सोलता?"

बाईंनी तोंड उघडलं. समोरच्या काचेच्या खोलीत साहेब फोनवर बोलत होते. त्यांच्याकडे एकदा पाहून बाईंनी तोंड पुन्हा मिटलं.

"फाटतायत," त्या म्हणाल्या.

तिने यंत्र छातीशी धरलं आणि काचेच्या खोलीकडे निघाली. मागून बाईंनी हाक मारली, अगं ऐक, जरा थांब म्हणून. कधी आवाज न चढवणाऱ्या बाईंचा आवाज चढला होता. घाबरली आता, असं मनाशी म्हणत तिने खांद्यानेच दार ढकललं.

आत गेल्यावर साठलेलं सगळं बाहेर आलं. बाई कारण सांगत नाहीत, मुद्दाम अडवतात, चांगलं झालेलं त्यांना बघवत नाही, एकतर त्यांचे डोळे तरी गेलेत नाहीतर मन तरी. साहेबांनी पडदा जवळून पाहिला, लांबून पाहिला. अक्षरं काच पुसल्यासारखी स्वच्छ आहेत म्हणाले. बाईंचा होकार राहू दे, माझा पुरे, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

काचेपलीकडे बाई उभ्या होत्या. तिने मुद्दाम त्यांच्याकडे पाठ केली.

"बसा," साहेब म्हणाले. "खरं म्हणजे हे घरचं टूलकिट आपण आता बंद करतोय, पुढची यंत्रं विकतच्यावर चालतील. अक्षरं पास झाली की तुमची जागा संपवायची, हे ठरलेलंच होतं. एकदा सुट्टीवर गेला असतात तर कायद्याने आम्हाला हात लावता आला नसता, म्हणून बरं झालं आजच आलात." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "फक्त बाईंचं कोडं सुटत नाही. हे ठरलं तेव्हा त्या याच खुर्चीत बसल्या होत्या. आणि नेमकी त्याच दिवसापासून एवढी स्वच्छ अक्षरं त्यांना रोज फाटकी कशी दिसायला लागली?"