काळी चकती

"ती काळी चकती काढून टाका, मॅडम," प्रकल्पप्रमुख म्हणाले. "उपग्रहावरच्या कॅमेऱ्याला वीज कमी पडतेय."

यामिनीने टेबलावरचं यंत्र जवळ ओढलं. जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र उपग्रहातून पृथ्वीची उष्णता मोजणार होतं. ते घडवण्यात तिची सात वर्षं गेली होती. आतली चकती विजेवर ठरावीक तापमानाला राहायची आणि तिच्याशी ताडूनच यंत्र आपलं मोजमाप बरोबर आहे ना, ते बघायचं.

"चकती नसली तरी आकडे येतील, सर. पण ते खरे की खोटे, हे कुणालाच कळणार नाही."

"वर जाऊन कोण तपासणार आहे? आकडे आले म्हणजे झालं!"

यामिनीच्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर ती हेच समजावत होती.

"यामिनीताई, ऐका ना," तिचा सहकारी हेरंब हळूच म्हणाला. "पुन्हा संधी मिळेल, न मिळेल."

"मग माझं यंत्रच पाठवू नका," ती बोलून गेली.

प्रमुखांनी लगेच मान डोलावली. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही, हे तिला जास्त लागलं.

उपग्रहाचा तोल राहावा म्हणून यंत्राच्या जागी तेवढ्याच वजनाचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवला गेला. उड्डाणाच्या दिवशी तो ठोकळा थाटात आकाशात गेला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पस्तावताय?" हेरंबने विचारलं.

"खूप," यामिनी म्हणाली. "आणि उद्या पुन्हा विचारलं, तरी मी हेच सांगेन. त्याचाच तर संताप येतोय."