सहावं घर

"खुर्ची उचला," लिओनिल्दा म्हणाली.

"माझ्यासकट उचल," एर्सिलिया म्हणाली आणि बसून राहिली.

स्वयंपाकघराच्या फरशा आठवड्यापूर्वीच निघाल्या होत्या. चूल आणि दार यांच्या मधोमध एक माणूस जेमतेम उतरेल एवढा खड्डा होता. त्याच्या काठावर खुर्ची टाकून सत्तरीची एर्सिलिया शेंगा सोलत होती.

"खड्डा तुझा, घर माझं. मी माझ्या घरात बसलेय, पोरी."

ही पोर एकसष्ट वर्षांची होती आणि जूनमध्ये पुरातत्त्व खात्यातून निवृत्त होणार होती. वीस वर्षं तिच्या हाताखाली खोदणारा नाझारेनो हसू लपवायला बादलीत वाकला.

मामला सरळ होता. कास्तेल्वेरा गावातल्या भटारगल्लीखाली रोमन रस्ता होता. पाच घरांखाली लिओनिल्दाने तो शोधला होता, आणि रस्ता सापडला की कायद्याने घर सरकारचं. सहावं घर एर्सिलियाचं. इथे दगड लागले तर हेही जाणार. न लागले तर खोदकाम इथेच संपणार. निकाल लिओनिल्दाच्या अहवालावर.

पाच घरांच्या जागी आता काचेचं छप्पर होतं. दगडांवर पाऊस पडू नये म्हणून. माणसांना हमरस्त्याच्या कडेला चौथ्या मजल्यावरची खुराडी मिळाली. तिसऱ्या घरातला सेकोंदो तिथल्या जिन्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, पावाची भट्टी कुठल्या बाजूला आहे? सात महिने त्याने विचारलं. मग मेला. त्याच्या अंगणातल्या दगडांपुढे शाळेच्या सहली उभ्या राहतात.

सहाव्या घराबद्दल कागदावर एकच अडचण होती. १९६८ साली प्रोफेसर लुपारी यांनी याच स्वयंपाकघरात खोदलं होतं आणि लिहिलं होतं : 'साडेतीन मीटरपर्यंत वाळू. रस्ता नाही.'

लुपारी लिओनिल्दाचे गुरू. त्यांच्याबद्दल तिने १९८० साली एक लेख लिहिला. 'लुपारी दोन मीटरवर दमतात, आणि दमले की रस्ता नाही असं लिहितात.' विद्यापीठात हे वाक्य लोक एकमेकांना वाचून दाखवत. वर्षभरात लुपारींची जागा गेली. उत्तरादाखल त्यांनी एक ओळ लिहिली नाही. डोंगरातल्या एका शाळेत पोरांना भूगोल शिकवत ते म्हातारे झाले आणि वारले. लिओनिल्दा अंत्यविधीला गेली नाही. काम होतं.

आदल्या दिवशी पाचव्या घरामागचा खड्डा बुजवताना नाझारेनो म्हणाला होता, "बाई, नाणं टाका. आणि या खेपेला जरा मोठं काढा. दरवेळी पाच सेंट! हजार वर्षांनी इथे कोणी खोदलं तर म्हणेल, आधी येऊन गेले ते भिकारी होते."

खड्डा बुजवण्याआधी तळाशी चालू वर्षाचं नाणं ठेवायचं, म्हणजे पुढच्याला कळतं, आपल्याआधी इथे कोणीतरी पोचलं होतं. ही लुपारींची सवय. "त्यांच्याकडून घेण्यासारखं तेवढंच होतं," लिओनिल्दा म्हणायची. तिने पाच सेंटच टाकले.

"तुझा प्रोफेसर वीस दिवस जेवला इथे," एर्सिलिया शेंगा सोलत म्हणाली. "मी तेव्हा नवी नवरी. मक्याच्या पिठाची पोलेंता आवडायची त्याला. कढई खरवडून खायचा."

"आणि खोदायचे कधी?"

"जेवण झालं की." एक शेंग तिने सालासकट भांड्यात टाकली. "माझ्या सासूची चाळण मात्र फुकट घालवली त्याने. पिठाची चाळण. नंतर कशाला उपयोगी पडली नाही."

"माती चाळून बघावीच लागते. आमचं कामच ते."

"असेल बाई. तुला जास्त कळतं."

दोन मीटर गेले. लुपारी इथे थांबले असणार, इथून पुढे न हललेली, घट्ट माती लागेल, असं लिओनिल्दाने नाझारेनोला सांगून ठेवलं होतं. घट्ट माती लागली नाही.

"बाई, अजून भुसभुशीतच आहे," खालून नाझारेनो ओरडला. "आणि खापराचा तुकडासुद्धा नाही. खडा नाही, हाड नाही. गव्हाच्या पिठासारखी आहे नुसती."

"पुराची वाळू आहे ती."

"नदी एवढी नीटनेटकी कधीपासून झाली?"

"वर ये तू. मी उतरते."

एर्सिलियाने पाय आखडून तिला शिडीकडे जायला वाट दिली. "जपून गं," ती म्हणाली. "गुडघे सांभाळ."

साडेतीन मीटरवर थापी दगडाला लागली. लिओनिल्दाने हाताने वाळू सारली. काळा, गुळगुळीत दगड. त्याला खेटून दुसरा. दोन्हींतून गेलेली गाड्यांच्या चाकांची खोल चाकोरी. बत्तीस वर्षांपूर्वी लुपारींबद्दल लिहिलेलं स्वतःचं वाक्य तिला पाठ होतं. ते तिने मनातल्या मनात एकदा म्हटलं आणि चाकोरीतली वाळू बोटांनी उपसू लागली.

चाकोरीच्या मधोमध एक नाणं होतं. न गंजलेलं, वर्षाची बाजू वर करून ठेवलेलं. शंभर लिरे. १९६८.

ती तिथेच बसली.

"बाई, लागलं का काही?" नाझारेनोने वरून विचारलं.

वर शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"बाई?"

"तिला घाई करू नकोस रे," एर्सिलिया म्हणाली. "तोही खाली असाच गप्प बसला होता. संध्याकाळपर्यंत. मग वर आला, हात धुतले आणि खड्डा बुजवायला माझ्या सासूकडे चाळण मागितली."