खुर्ची पुसायची रीत

"बसा जी," म्हणत पार्बताबाईंनी परदेशी पाहुणीची खुर्ची सवयीनं पदरानं पुसली. गावालगतचं कोळशाचं वीजकेंद्र बंद करायला आर्थिक मदत द्यावी का, हे ती पाहायला आली होती.

"खुर्ची का पुसली?" तिनं विचारलं.

दुभाषी म्हणून आलेले झाडेसाहेब त्याच केंद्रात इंजिनियर. नोकरी जाईल या भीतीनं त्यांनी पहाटेच गावभर साचलेली केंद्राची राख धुऊन काढायला लावली होती. "पाहुण्यांना मान द्यायची आमची रीत आहे," त्यांनी इंग्रजीत ठोकून दिलं.

पाहुणी हरखली. तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि पार्बताबाईंना बसवण्यासाठी आपल्या पांढऱ्या रुमालानं पुसली. रुमाल राखेनं काळवंडला.

पार्बताबाई शरमल्या. "सकाळीच दोनदा पुसली होती जी. साहेब, बाईले सांगा न, माहं घर घाण नाही!"

मान खाली घातलेल्या झाडेंना इंग्रजीतला एकही शब्द आठवेना.