बोटांना दिसणारे ठिपके

नोटीस बोर्डासमोरच्या गर्दीतून वाट काढत सुलभानं कागद वाचला. कंपनीचे घरचे, ऑफिसचे आणि शाळांचे कॉम्प्युटर यापुढे ‘तरंग’ या एकाच नावानं निघणार होते. शाळांसाठीचा ‘सोबती’ बंद.

सातपूरच्या या कारखान्यात सुलभा ‘सोबती’ची जोडणी करायची. तिचा नवरा दिगंबर अंधशाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. त्यालाही दिसत नव्हतं. कुठली वायर कुठं लावायची हे बोटांना कळावं, म्हणून मशीनच्या मागं उठावाचे ठिपके द्यायचं तिनंच सुचवलं होतं. डिझाइनच्या कर्णिकसाहेबांनी ते मानलं, पण फक्त ‘सोबती’पुरतं.

ती तडक त्यांच्या केबिनमध्ये गेली. “साहेब, नाव गेलं तर जाऊ दे. पण ठिपके?”

कर्णिकांनी टेबलावरचा नवा ‘तरंग’ पाठमोरा वळवला. “हात लावून बघा, सुलभाताई.”

ठिपके होते.

“आता घरचा असो की ऑफिसचा, सगळ्यांचा सांगाडा एकच. मी म्हटलं, मग तो ‘सोबती’चाच घेऊ.”

संध्याकाळी तिनं हे दिगंबरला सांगितलं. तो म्हणाला, “शाळेतली माझी पोरं उद्या कुठंही नोकरीला लागली, तरी ‘तरंग’ची वायर कुणाला विचारून लावणार नाहीत. साहेबांना फोन लाव गं.”

तिनं लावला आणि ‘हे बोलताहेत’ म्हणत त्याच्या हातात दिला. “बोला, सर,” पलीकडून कर्णिक म्हणाले. फोन परत सुलभाच्या हातात देऊन दिगंबरनं त्या आवाजाच्या दिशेनं दोन्ही हात जोडले.