हनुवटीवरचा व्रण

"दोघांपैकी एकाने गोष्ट बदला," क्लासचे सर म्हणाले. "स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग लिहा म्हटलं, तर दोघांचा एकच! असे अर्ज गेले तर कॉलेज दोन्ही केराच्या टोपलीत टाकेल."

मुलाच्या आईने समोर स्वतःच्या आईशेजारी बसलेल्या मुलीकडे रोखून पाहिलं. चांगली नाकीडोळी नीटस. मग आपल्या चिरंजीवांकडे. अलीकडे हा क्लासला निघताना आरशासमोरून हलत नव्हता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"तू सांगितलीस हिला?"

"शप्पथ नाही, आई. मी कधी बोललोही नाही हिच्याशी."

म्हणे बोललो नाही! ती गोष्ट म्हणजे आईचा जीव की प्राण. पोराच्या जन्माची बातमी ऐकून नवरा सायकलवर धावत सुटला, वाटेत आपटला, हनुवटी फुटली, तरी दवाखान्यात पोचलाच. उजाडता उजाडता आला, हनुवटीला पट्टी लावून, आणि बाळाला घेताना ढसाढसा रडला. त्या पट्टीपायी तिने त्याचे पुढचे सगळे दौरे माफ केले. मशिनं दुरुस्त करत तो सदा बाहेरगावी. आत्ताही होता. पोराचा क्लास कुठं आहे, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

"गोष्ट आमची आहे," मुलीची आई म्हणाली. "ही झाली त्या रात्रीची. यांचा शर्ट रक्ताने भिजलेला. नर्सने माझ्या खाटेशेजारीच टाके घातले."

"चोराच्या उलट्या बोंबा!" आईचा आवाज चढला. "माझ्या पोराचं अख्खं वर्ष जाईल, कळतंय का? आणि शर्ट भिजलेला म्हणे! माझ्या नवऱ्याचा शर्ट कोरा करकरीत होता, बाई. चोरायची तर नीट ऐकून तरी चोरायची!"

मुलीची आई जराही चिडली नाही.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? व्रण अजून आहे. खाली गाडी लावतायत, येतीलच वर. तुम्हीच बघा."

"येऊ दे की! बघतेच." आईने खुर्ची दाराकडे वळवून घेतली. आता खोटं उघडं पडणार म्हणून तिला बरंच वाटत होतं.

खिडकीशी उभ्या मुलाचा चेहरा एकदम खुलला.

"आई, सुटलो! खाली बाबा आलेत. पण त्यांना क्लासचा पत्ता कोणी दिला?"