मांदेलीचा वाटा

“सुट्टे नाहीत गं. स्कॅनच करते,” म्हणत गिऱ्हाईक बाईंनी मांदेलीच्या वाट्याशेजारच्या पुठ्ठ्यावर मोबाइल धरला. “जनार्दन नाव येतंय. तुझा नवरा ना? पाठवू?”

मंजुळाच्या डोक्यात तिडीक गेली. सुट्ट्यांची कटकट नको म्हणून नवऱ्यानेच तो पुठ्ठा पाटीला बांधला होता. पूर्वी चिल्लर तिच्या कमरेच्या पिशवीत पडायची, त्यातून घर चालायचं. आता उन्हात बसून मासळी विकायची तिने, आणि पैसे जमा व्हायचे गुत्त्यावर बसलेल्या त्याच्या मोबाइलमध्ये. आज एसटीच्या पासाला पैसे नाहीत म्हणून पोरगी कॉलेजला चालत गेली होती.

मंजुळाने पुठ्ठा हिसकून तोडला आणि मासळी धुतलेल्या पाण्याच्या बादलीत कोंबला.

“अगं बाई! आता पैसे कसे देऊ?”

“उद्या द्या, परवा द्या, नाही दिलेत तरी चालेल!” वाटा बाईंच्या पिशवीत ओतत ती कडाडली. “तुम्ही बुडवलंत तर एक वाटा बुडेल. तो रोज आख्खी पाटी पितो!”